प्रबोधनकाल : उगम व कारणे

चौदाव्या ते सोळाव्या शतकांच्या दरम्यान प्रथम इटलीत व नंतर आल्प्सपलीकडील यूरोपात विद्या, कला, राजकीय विचार आणि एकंदर जीवनदृष्टी यांत जे परिवर्तन घडून आले, त्यास प्रबोधन व त्या कालखंडास प्रबोधनकाल असे म्हणतात. ‘रिनेसान्स’ या मूळ फ्रेंच संज्ञेचा शब्दशः अर्थ पुनर्जन्म असा आहे. मराठीत तिच्यासाठी ‘पुनरुज्जीवन’ व ‘प्रबोधन’ असे दोन्ही शब्द योजिले जातात. पहिल्यात लोपलेले परत आणण्याचा, तर दुसऱ्यात जागे होण्याचा भाव आहे. या घटनेच्या कारणांविषयीचा वाद पुष्कळसा याच दोन कल्पनांभोवती फिरत आलेला आहे.

संज्ञेचा इतिहास : चित्रकार व चरित्रकार जॉर्जो वाझारी याने १५५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कलावंतांच्या चरित्रग्रंथात कलेच्या ‘पुनर्जन्मा’चा उल्लेख केला. तथापि एका संपूर्ण युगास हे नाव मिळाले, ते एकोणिसाव्या शतकात. फ्रेंच इतिहासकार झ्यूल मीशले याने १८५५ मध्ये आपल्या फ्रान्सच्या इतिहासाच्या एका खंडास हे शीर्षक दिले आणि स्विस इतिहासकार याकोप बुर्कहार्ट याने १८६० मध्ये इटलीतील प्रबोधनकालीन संस्कृतीवरील आपल्या ग्रंथाने ही कल्पना दृढमूल केली. मध्ययुगीन माणूस स्वतःला कुल, संघ वा धर्मसमूह यांचा घटक म्हणूनच ओळखत होता, व्यक्ती म्हणून त्याला स्वतःची जाणीव प्रथम इटलीत झाली, हे बुर्कहार्टचे सूत्र. ते आकर्षक असले, तरी त्यात मध्ययुगावर अन्याय आहे. चार्ल्स होमर हॅस्किन्स या अमेरिकन इतिहासकाराने १९२७ मध्ये बाराव्या शतकातील प्रबोधनावर ग्रंथ लिहून बोलोन्या येथील रोमन कायद्याचे अध्ययन, कॅथीड्रलांच्या पाठशाळा आणि टोलीडो येथे अरबीतून लॅटिनमध्ये झालेली भाषांतरे यांकडे लक्ष वेधले. ॲरिस्टॉटलचे बरेचसे ग्रंथ व त्यांवरील इब्न रुश्दची भाष्ये तेराव्या शतकातच यूरोपीय विद्यापीठांत अभ्यासिली जात होती. तेव्हा प्राचीन विद्या पूर्णपणे लोपली होती व ती एकाएकी प्रकटली, असे म्हणता येत नाही.

१४५३ ची उपपत्ती : १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, तेथील ग्रीक पंडित हस्तलिखिते घेऊन इटलीत पळाले आणि त्यातून प्रबोधनाचा उदय झाला, असे शालेय पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ सांगितले गेले. कालक्रम पाहता हे मत टिकत नाही. त्या वर्षी पेत्रार्कला (१३०४–७४) मरून सु. ऐंशी वर्षे लोटली होती. चित्रकार मझात्चो हाही दिवंगत होता आणि ब्रूनेल्लेस्कीने फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलवर उभारलेला घुमट १४३६ मध्येच पूर्ण झालेला होता. ग्रीक विद्येचे आगमनही त्यापूर्वीचे आहे. बोकाचीओच्या प्रयत्नाने १३६० च्या सुमारास लेओंत्सिओ पिलातो याची फ्लॉरेन्समध्ये ग्रीकचा अध्यापक म्हणून नेमणूक झाली व त्याने होमरचे लॅटिन भाषांतर केले. पुढे फ्लॉरेन्सचा चॅन्सेलर कोलूत्चो सालूताती याने बायझंटिन राजदूत व विद्वान मान्वेल ख्रीसोलोरास यास पाचारण केले आणि १३९७ पासून त्याने तेथे ग्रीकचे पद्धतशीर अध्यापन केले. जोव्हान्नी आउरिस्पा १४२३ मध्ये पूर्वेकडून परतला, तेव्हा त्याच्याजवळ २३८ ग्रीक हस्तलिखिते होती. ती त्याने खरेदी करून आणली होती. म्हणजे ग्रीक विद्या इटलीत आश्रयार्थ येण्याच्या आधी आमंत्रणावरून आली होती. कॉन्स्टँटिनोपलच्या पतनाने या प्रवाहास जोर मिळाला, हे मात्र खरे. कार्डिनल बेस्सारिओन याने १४६८ मध्ये आपला मौलिक ग्रंथसंग्रह व्हेनिसला दिला, तो ग्रीक वारसा नष्ट होऊ नये याच भावनेने.

मग हे आमंत्रण देणारा समाज इटलीतच का निर्माण झाला, हा खरा प्रश्न होय.

नागर समाज व लेखनिक वर्ग : उत्तर व मध्य इटलीतील नगरांनी पवित्र रोमन सम्राटाशी झगडून ११८३ च्या कॉन्स्टन्स तहाने स्वशासनाचे हक्क पदरात पाडून घेतले होते. पूर्व भूमध्यसमुद्रातील व्यापार, लोकरी कापडाचा धंदा आणि सावकारी यांवर ती समृद्ध झाली. १२५२ पासून फ्लॉरेन्सने पाडलेले फ्लोरिन हे सुवर्णनाणे यूरोपभर चालू लागले. पीसाच्या लेओनार्दो फीबोनात्चीने १२०२ मध्ये लिहिलेल्या गणितग्रंथामुळे भारतीय अंकपद्धती अरबांकरवी इटलीतील व्यापाऱ्यांच्या हिशेबात शिरली. करारमदार, वारसापत्रे, वकिलाती यांसाठी लेखप्रमाणक व कायदेपंडित यांचा मोठा वर्ग प्रत्येक नगरास लागे. हे लोक धर्मगुरू नव्हते, परंतु लॅटिनवर त्यांची उपजीविका होती आणि उत्तम लॅटिनचे नमुने शोधताना ते रोमन लेखकांकडे वळले. पाद्वा येथील न्यायपंडित लोव्हातो लोव्हाती (१२४१–१३०९) व लेखप्रमाणक आल्बेर्तीनो मुस्सातो हे या अर्थाने पेत्रार्कचे पूर्वसूरी होत. व्हिल्लानीच्या बखरीनुसार १३३८ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये आठ ते दहा हजार मुले वाचन शिकत होती आणि हजार ते बाराशे मुले व्यापारी गणित. आकडे काहीसे फुगवलेले मानले, तरी अशी नोंद करावीशी वाटणे हेच त्या नगराचे वैशिष्ट्य दर्शविते.

पेत्रार्कने १३४५ मध्ये व्हेरोना येथे सिसरोची खाजगी पत्रे शोधून काढली. त्यांतील सिसरो हा निर्विकार तत्त्वज्ञ नसून महत्त्वाकांक्षी, डळमळणारा माणूस आहे, हे पाहून पेत्रार्कला दुःख झाले व त्याने त्या मृत लेखकास उद्देशून पत्रे लिहिली. प्राचीन ग्रंथकार हा प्रमाण मानण्याचा आधार न राहता एका विशिष्ट काळात जगलेला माणूस ठरला. आपण व प्राचीन यांत अंतर आहे, याची ही जाणीव प्रबोधनाचा गाभा होय. लोरेन्झो व्हाल्ला याने १४४० मध्ये पोपच्या ऐहिक सत्तेचा आधार असलेले ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’ त्यातील लॅटिन भाषेवरूनच बनावट ठरविले, तेही याच जाणिवेच्या बळावर.

संपत्ती, साथ व आश्रय : वैभवामुळे कला फुलली, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. बार्दी व पेरूत्सी या फ्लॉरेन्समधील प्रचंड पेढ्या १३४३ ते १३४६ च्या दरम्यान बुडाल्या आणि १३४८ च्या प्लेगात नगराची निम्मी किंवा त्याहूनही अधिक वस्ती नाहीशी झाली. १४२७ च्या करनोंदणीत तेथील लोकसंख्या सु. ३७ हजार एवढीच आढळते. रॉबर्ट लोपेझ याने १९५३ मध्ये असे प्रतिपादिले, की मंदीच्या काळात व्यापारात गुंतविण्यास वाव न उरल्याने पैसा संस्कृतीकडे वळला. इतर संशोधकांनी हे मत अमान्य करून, वाचलेल्यांच्या हाती दरडोई अधिक संपत्ती आली, याकडे लक्ष वेधले. हा वाद मिटलेला नाही. संपत्ती काही थोड्या घराण्यांत एकवटली होती व तिचे प्रदर्शन सार्वजनिक वास्तूंतून करणे प्रतिष्ठेचे होते, एवढे निश्चित. बॅप्टिस्टरीच्या द्वारांसाठी १४०१ मध्ये झालेली प्रसिद्ध स्पर्धा कापडव्यापाऱ्यांच्या श्रेणीने भरविली होती. मेदीची घराण्याच्या कोझीमोने ग्रंथालये उभारली व मार्सील्यो फिचीनोकडून प्लेटोचे भाषांतर करविले. सावकारीच्या व्याजाचे पाप अशा दानाने फिटावे, ही भावनाही त्यामागे होती. प्रबोधनकालीन माणूस अधार्मिक नव्हता.

राजकीय स्पर्धा : मिलानच्या व्हिस्काँती राजवटीचे फ्लॉरेन्सवरील संकट १४०२ मध्ये टळले. त्या संघर्षातून प्रजासत्ताकाचा अभिमान बाळगणारा ‘नागरी मानवतावाद’ उदयास आला, असे हान्स बारोन याने १९५५ मध्ये मांडले. या मांडणीत घटनेला अवाजवी महत्त्व दिले गेले आहे; कारण हुकूमशहांच्या पदरीही मानवतावादी पंडित होतेच. परस्परांशी स्पर्धा करणारी अनेक लहान राज्ये असल्याने एकाने हाकललेल्या कलावंतास दुसरीकडे आश्रय मिळे, ही गोष्ट अधिक मोलाची आहे.

मुद्रणकला : १४५० च्या सुमारास माइन्त्स येथे गूटेनबेर्कने सिद्ध केलेली मुद्रणकला १४६५ मध्ये रोमजवळील सुब्याको येथे आली. ती प्रबोधनाचे कारण नव्हे, पण प्राचीन ग्रंथ पुन्हा हरवण्याचा धोका तिने संपविला. व्हेनिसच्या आल्दो मानूत्स्योने १४९५–९८ मध्ये ॲरिस्टॉटलचे ग्रंथ मूळ ग्रीकमध्ये छापले. हीच कला १५५६ मध्ये जेझुइटांबरोबर गोव्यास पोहोचली.

या परिवर्तनाची व्याप्ती मर्यादित होती. शेतकऱ्यांचे जीवन त्याने फारसे बदलले नाही. उच्चकुलीन स्त्रियांचे स्वातंत्र्य या काळात उलट संकोचले, असा युक्तिवाद जोन केली हिने १९७७ मध्ये केला. फ्रान्सच्या आठव्या चार्ल्‌सने १४९४ मध्ये इटलीवर स्वारी केली आणि नगरराज्यांच्या स्वातंत्र्याचा ऱ्हास सुरू झाला. तोवर इटलीत शिकलेले विद्यार्थी नवी विद्या आल्प्सपलीकडे नेऊ लागले होते, आणि १५१६ मध्ये इरॅस्मसने नव्या कराराची ग्रीक संहिता बाझेल येथे प्रसिद्ध केली.