स्टर्लिंग यंत्रातील कोंडलेली हवा
स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक रॉबर्ट स्टर्लिंग यांनी 1816 साली ज्या उष्णवायुयंत्राचे पेटंट घेतले, त्यात तीच ती कोंडलेली हवा आळीपाळीने तापून प्रसरण व निवून आकुंचन पावते, आणि तिचा सरासरी दाब जितका अधिक तितकी शक्तीही अधिक. हे मर्म जाणूनच त्यांचे बंधू जेम्स यांनी यंत्रात दाबलेली हवा भरण्याची तजवीज केली. परंतु हा कैदी फरारी होण्यात पटाईत! म्हणून साध्या यंत्रांत, आतील दाब वातावरणाच्या दाबाखाली उतरताच आपोआप उघडणारी एकमार्गी झडप गळतीची भरपाई करते. मोठ्या यंत्रांत हाच बंदोबस्त साठवणीच्या टाकीतून वायू भरणारा पंप ठेवतो, आणि शक्ती घटवायची झाल्यास थोडा वायू टाकीत परत धाडला जातो. केवळ आच कमी करण्यापेक्षा हा उपाय निःसंशय सरस, कारण तापलेला धातू निवण्यास बराच अवधी लागतो.