फुलहॅम ते केडगाव

भाताची झोडणी उरकली की धसईच्या आसपास सप्ताहांची बोलणी सुरू होतात. ज्याच्या घरी जेमतेम वर्षाचे पिकले, तोही पायली-दोन पायली तांदूळ काढून देतो. स्वतःची तंगी असताना माणूस एवढा मोकळा का होतो? पहिल्या शतकात ख्रिस्ती प्रेषित पौलापुढे असेच उदाहरण होते. यरुशलेमच्या गरजूंसाठी तो वर्गणी जमवत होता आणि मासेदोनियातल्या हलाखीत जगणाऱ्या मंडळ्यांनी ऐपतीबाहेर दिले. करिंथच्या मंडळीला हे लिहून कळवताना त्याने हुकूम केला नाही. प्रीती खरी असेल तर ती देण्यातून दिसेल, एवढेच त्याचे म्हणणे होते.

या प्रीतीचा महाराष्ट्रातला एक मोठा हिशेब पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या कामात सापडतो.

रमाबाईंनी भूक स्वतः सोसली होती. १८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीणही. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, तेव्हा वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅमचे एक घर दाखवले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे जवळ केले जात होते. त्यांची सेवा मनापासून चालली होती. हे बळ येते कुठून, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचायला मिळाली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शास्त्रे तोंडपाठ असलेल्या या विदुषीचे मन वळवण्यात त्या घरातल्या सेवेचा वाटा मोठा होता, हे विसरून चालणार नाही.

पुढे अमेरिकेत १८८७ साली बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली. भारतातल्या बालविधवांच्या शिक्षणासाठी दहा वर्षे मदत करण्याचे तिने कबूल केले. गावोगावी ‘रमाबाई सर्कल’ निघाली आणि साध्या घरांतल्या बायका दरसाल थोडी थोडी रक्कम देऊ लागल्या. ज्यांच्यासाठी द्यायचे, त्या मुलींचे तोंडही त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची बालविधवा होती. तीच पुढे आनंदीबाई कर्वे झाली आणि महर्षी कर्व्यांच्या आश्रमासाठी स्वतः वर्गणी मागत फिरली.

सदन पुण्याला हलवल्यावर धर्मांतरावरून १८९३ साली तिथे मोठे वादळ उठले. अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले. त्यांची तक्रार निराधार म्हणता येणार नाही. मदत घेणाऱ्याच्या श्रद्धेचा मान राखायचा कसा, हा प्रश्न प्रत्येक धर्मादाय कामाला पडतो, आजही.

पण १८९६-९७चा दुष्काळ आला, तेव्हा स्वतःच्या लहानपणीची उपासमार रमाबाईंना स्वस्थ बसू देईना. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. केडगावच्या जमिनीवर ‘मुक्ती’ उभी राहिली. मग गुजरातेत ‘छप्पनचा’ म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ पडल्यावर तिथूनही मुली आल्या आणि वस्ती जवळपास दोन हजारांपर्यंत गेली. एवढ्या तोंडांना रोजचे दोन वेळचे जेवण घालायचे, म्हणजे नुसते धान्य आणि सरपण जमवतानाच किती जिवांची धावपळ झाली असेल! ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांनी कोणापुढे हात न पसरता, प्रार्थनेच्या भरवशावर हजारो अनाथ मुले सांभाळली होती. रमाबाईंवर त्यांचा खोल प्रभाव होता.

मुक्तीत फक्त पोसले जात नव्हते. विणकाम, शेती, शिवण, छपाई अशी कामे बायकाच करत. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई, म्हणजे रमाबाईंची लेक, ब्रेल शिकवत. फुलहॅमला पाहिलेल्या स्त्रियांसारख्यांसाठी ‘कृपा सदन’ वेगळे होते. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतरही मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले.

१९२१ साली मनोरमाबाई गेल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. केडगावचे काम मात्र सुरूच आहे. निराधार मुली आणि स्त्रिया तिथे आजही राहतात.