‘पिक्युलिअर’ म्हणजे कौतुक की तक्रार?

आज सुरुवात एका कबुलीने करतो.

पहिल्या नोकरीत असताना एका मैत्रिणीच्या बढतीसाठी मला इंग्रजीत चार ओळी लिहून द्यायच्या होत्या. चिडलेल्या ग्राहकाशी ती असं काही बोलायची की समोरचा दोन मिनिटांत शांत. म्हणायचं होतं, तिची स्वतःची खास पद्धत आहे. डिक्शनरी ॲपमध्ये ‘वैशिष्ट्यपूर्ण’ टाकलं, चार-पाच शब्द आले. त्यातला भारी वाटला तो उचलला: पिक्युलिअर. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून विचारलं, “तिच्या वागण्यात नेमकं काय खटकतं?” मी गारच पडलो!

तर हे शब्द सख्खे भाऊ दिसतात, पण स्वभाव वेगवेगळे.

पिक्युलिअर म्हणजे सहसा विचित्र, जरा खटकणारं. ‘पिक्युलिअर स्मेल’ म्हटलं की समजा, नाक मुरडलंय. पण पुढे ‘टू’ लागला की अर्थ बदलतो: ‘फक्त तिथलंच’. लेमूर हे प्राणी मूळचे मादागास्करचेच, म्हणून ते ‘पिक्युलिअर टू मादागास्कर’. इथे नावं ठेवलेली नाहीत. शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थच ‘स्वतःच्या मालकीचं’ असा आहे.

युनिक लॅटिनमधल्या ‘एक’ या अर्थाच्या शब्दावरून आला. म्हणजे एकमेव. आपलं ‘आधार’ देणाऱ्या संस्थेच्या इंग्रजी नावात पहिलाच शब्द ‘युनिक’ आहे, कारण एकाचा नंबर दुसऱ्याला मिळत नाही. बोलताना लोक ‘व्हेरी युनिक’ म्हणतात खरं, पण अर्जात, ईमेलमध्ये टाळा. एकमेव ते एकमेव, त्यात कमी-जास्त काय?

डिस्टिंक्टिव्ह म्हणजे ज्यावरून ओळख पटते ते. बुलेट गल्लीत शिरली की न बघताही कळतं ना? तो आवाज डिस्टिंक्टिव्ह. याच्याशी डिस्टिंक्टची गल्लत नको. डिस्टिंक्ट म्हणजे वेगळा किंवा स्पष्ट. मराठीत ‘ल’ आणि ‘ळ’ हे दोन डिस्टिंक्ट आवाज आहेत, म्हणून तर ‘कल’ वेगळा आणि ‘कळ’ वेगळी.

कॅरॅक्टरिस्टिक म्हणजे त्या माणसाच्या किंवा वस्तूच्या स्वभावाला धरून असलेलं. याचं मूळ ग्रीक, अर्थ ‘उमटवलेला ठसा’. डबा उघडताच येणारा हिंगाचा वास कॅरॅक्टरिस्टिक.

आणि टिपिकल? मराठीत आपण तो टोमण्यासारखा वापरतो. “टिपिकल आहेस हं तू!” इंग्रजीतही नुसतं ‘टिपिकल!’ म्हटलं तर ती कुरकुरच असते. पण ‘टिपिकल डे’ म्हणजे साधा, नेहमीसारखा दिवस.

मग निवडायचं कसं? लिहिण्याआधी स्वतःला विचारा. जगात असं एकच आहे? युनिक. यावरून ओळखू येतं? डिस्टिंक्टिव्ह. स्वभावातच आहे? कॅरॅक्टरिस्टिक. नेहमीचंच आहे? टिपिकल. विचित्र वाटतंय? तरच पिक्युलिअर. आणि डिक्शनरीत नुसता अर्थ बघून थांबू नका, खालची उदाहरणंही वाचा. शब्दाचा सूर तिथे कळतो.

माझं म्हणाल तर साहेबांना खुलासा केला, त्यांच्यासमोरच ‘डिस्टिंक्टिव्ह’ लिहून दिलं. मैत्रिणीला मात्र हे आजवर सांगितलेलं नाही. ऐकत असशील तर... सॉरी गं!

भेटू पुढच्या भागात.