पंप पाणी ओढतच नाही!

तळ्याकाठी अग्निशमन दलाचा बंब उभा आहे. त्याला जोडलेली जाड, ताठ नळी खाली पाण्यात सोडली आहे. यंत्रचालक एक कळ दाबतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आत पाणी तीन मीटर वर चढून पंपात येतं. हे पाणी वर आणलं कोणी? पंपाने ओढून आणलं, असंच आपण म्हणू. पण जगातला कुठलाही पंप तळ्यातलं पाणी ओढून घेत नाही! पाण्याला धरून वर खेचेल असं काही त्या नळीत नसतंच.

मग काय असतं? हवा. पंपावरचं यंत्र नळीतली हवा बाहेर काढतं, एवढंच. पुढचं काम आपल्या डोक्यावरचं वातावरण करतं. तळ्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर हवेचा साधारण एक किलो भार अहोरात्र असतो. नळीतला भार नाहीसा झाला की बाहेरची हवा तळ्यातल्या पाण्याला नळीत वर रेटते. म्हणजे बंबाच्या पंपात पहिलं पाणी चढवतं ते आभाळ!

पण आभाळाच्या ताकदीलाही सीमा आहे. समुद्रसपाटीला हवेचा भार 10.3 मीटर उंच पाण्याचा स्तंभ तोलून धरतो, त्याहून एक इंचही जास्त नाही. एका उंचीनंतर चोषण पंप हात टेकतात, या कोड्याची चर्चा गॅलिलिओने 1638 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली होती. पुढे काही वर्षांत इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेल्लीने पारा भरलेल्या नळीने त्याचा उलगडा केला. आज कितीही महागडा बंब आणा, ही सीमा त्यालाही ओलांडता येत नाही. नळीतलं घर्षण आणि बारीकसारीक गळती धरली तर प्रत्यक्षात सात मीटरच्या आसपासच भागवावं लागतं. आणि महाबळेश्वरला? तिथे, साडेतेराशे मीटर उंचीवर, हवाच विरळ. तिथली कागदावरची सीमासुद्धा नऊ मीटरच्या खाली येते. तोच बंब, तोच पंप, फक्त डोक्यावरची हवा कमी!

आता पंपाच्या पोटात डोकावू. आत एक चक्र असतं, इंपेलर. पावसातून आल्यावर आपण ओली छत्री गरकन फिरवतो तेव्हा थेंब कडेने बाहेर उडतात. इंपेलर हेच करतो, फक्त मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने. पाणी मध्यभागी शिरतं, कडेकडे भिरकावलं जातं, आणि भोवतीच्या शंखासारख्या रुंदावत जाणाऱ्या कवचात त्याचा वेग मंदावून त्याचा दाब होतो. ना झडपांची उघडझाप, ना दट्ट्या. निव्वळ फिरणं!

पण या सुंदर यंत्राला एक गोष्ट अजिबात जमत नाही: हवा भिरकावणं. हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पट हलकी. पोटात हवा असताना इंपेलर नुसता गरगरत राहतो आणि नळीतून एक थेंब वर येत नाही. म्हणून आधी हवा काढायला वेगळा छोटा पंप लागतो. त्याला प्रायमर म्हणतात. लहानसा प्रायमर आधी वाट मोकळी करतो, मग मोठा पंप कामाला लागतो.

हे सगळं आगीच्या जागी खरोखर घडेल याची खात्री कशी करायची? अमेरिकेत यासाठी बंबाच्या पंपाची दरवर्षी परीक्षा घेण्याची पद्धत आहे. तिथल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या मानकांनी ती मिनिटामिनिटाला बांधून दिली आहे. एकेक पेपर पाहण्यासारखा आहे.

पहिली परीक्षा कोरडी. पंपातलं सगळं पाणी काढून टाकायचं, प्रायमरने हवा खेचून 22 इंच पाऱ्याइतकी पोकळी तयार करायची, प्रायमर बंद करायचा आणि पाच मिनिटं दाबमापकाच्या काट्याकडे बघत राहायचं. काटा 10 इंचांहून जास्त घसरता कामा नये. घसरला तर कुठलीतरी झडप किंवा सांधा हवा पितो आहे. डोळ्याला न दिसणारी फट काटा दाखवून देतो!

मग ओली परीक्षा. नळी खड्ड्यातल्या पाण्यात सोडायची आणि घड्याळ लावायचं. मध्यम आकाराच्या पंपाने 30 सेकंदांत पाणी पकडलं पाहिजे, मोठ्याला 45 सेकंद मिळतात. त्यानंतर खरी कसोटी. समजा पंप मिनिटाला 1,000 अमेरिकन गॅलन, म्हणजे 3,785 लिटर क्षमतेचा आहे. पूर्ण क्षमतेने, सुमारे 10 बार दाबाने सलग 20 मिनिटं. मग तेवढंच पाणी, पण दाब आणखी एक बार वाढवून 5 मिनिटं. इथे इंजिनाचा दम कळतो. मग 70 टक्के पाणी, पण दाब सुमारे 14 बार. शेवटी निम्मंच पाणी, पण दाब 17 बारवर. हे दोन्ही टप्पे पाच-पाच मिनिटांचे.

पाणी कमी होत गेलं तसा दाब का चढवला? कारण इंजिनाची ताकद ठरलेली आहे. ती भरपूर पाण्यावर खर्चा किंवा जास्त दाबावर, दोन्ही एकदम मिळणार नाही. आणि 17 बार म्हणजे किती? घर्षण बाजूला ठेवलं तर तेवढ्या दाबाने पाणी 170 मीटर उंच चढेल! या 35 मिनिटांत पंपातून सुमारे 1 लाख 17 हजार लिटर पाणी जातं, दहा हजार लिटरचे जवळजवळ बारा टँकर. मात्र तेच पाणी फिरून पुन्हा खड्ड्यात पडतं, त्यामुळे वाया जात नाही. उलट इंजिनाची ऊर्जा सतत मिसळत राहिल्याने ते हळूहळू कोमट होतं, म्हणून पाण्याच्या तापमानावरही लक्ष ठेवावं लागतं.

एवढं वेगाने जाणारं पाणी मोजतात कसं? उत्तर तीनशे वर्षं जुनं आहे. आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने 1732 साली पॅरिसच्या सीन नदीचा वेग मोजायला एक वाकडी नळी पाण्यात धरली. प्रवाह जितका जोरात, तितकं नळीतलं पाणी उंच. आज तीच पितो नळी बंबाच्या फवाऱ्यात धरतात, आणि दाब व नोझलचा व्यास यांवरून मिनिटाला किती लिटर ते कळतं. 20 मिलिमीटरच्या नोझलवर 7 बार दाब असेल तर मिनिटाला सुमारे 700 लिटर, आणि फवाऱ्याचा वेग ताशी जवळजवळ 135 किलोमीटर! तो फवारा नोझल धरणाऱ्या जवानाला 45 किलोच्या जोराने मागे रेटत असतो. म्हणूनच दोघं-तिघं मिळून ती नळी सांभाळतात.

आता कल्पना करा, दोन नळ्या चालू आहेत आणि एका नळीवरच्या जवानाने नोझल पटकन बंद केलं. तिथला दाब जाणार कुठे? दुसऱ्या नळीत! तिथला माणूस शिडीवर असेल तर तो धक्का त्याला खाली पाडू शकतो. म्हणून परीक्षेत सगळ्या झडपा 3 ते 10 सेकंदांत बंद करून पाहतात. दाब 2 बारहून जास्त वाढता कामा नये. तो आवरणारं नियंत्रक यंत्र पंपात असतंच. ते जागं आहे की नाही, हे इथे कळतं.

यंत्र पास झालं. पण ते चालवणारा माणूस? आग तिकडे, नळीच्या टोकाशी. यंत्रचालक इकडे, बंबाजवळ, काट्यांसमोर. त्याला बहुतेक वेळा आगही दिसत नाही आणि नोझलही दिसत नाही, तरीही नोझलवर नेमका दाब त्यालाच पोचवायचा असतो. कसा? बेरीज करून. नोझलला हवा तो दाब, अधिक नळीतल्या घर्षणात जाणारा, अधिक उंची चढण्यात जाणारा. दर दहा मीटर चढाला साधारण एक बार खर्ची पडतो. घर्षणाचा हिशोब तर थक्क करतो: पाणी दुप्पट केलं की घर्षण चौपट होतं! अमेरिकेत पावणेदोन इंची नळीऐवजी अडीच इंची घेतली, तर तेवढ्याच पाण्याला घर्षण जवळपास आठव्या हिश्श्यावर येतं. जाडीत पाऊण इंचाचा फरक, आणि परिणाम एवढा!

त्याहून नवल हायड्रंटचं, म्हणजे बंबाला पाणी घेता यावं म्हणून जलवाहिनीला जोडलेल्या तोंडाचं. जमिनीखालच्या जलवाहिनीत आणखी किती पाणी शिल्लक आहे, हे वरून कसं ओळखायचं? प्रशिक्षणात एक साधी रीत शिकवतात. पहिली नळी सुरू केल्यावर हायड्रंटकडचा दाब 10 टक्क्यांपर्यंतच उतरला, तर तेवढंच पाणी घेणाऱ्या आणखी तीन नळ्या चालतील. 15 टक्क्यांपर्यंत उतरला तर दोन. 25 पर्यंत उतरला तर एकच. अख्ख्या शहराच्या जलवाहिनीचा अंदाज एका काट्यावरून!

आणि सगळ्यात कठीण धडा कानाचा. पंपाला जेवढं पाणी मिळतं त्याहून जास्त फेकायला लावलं, तर त्याच्या तोंडाशी दाब फार उतरतो. हा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण पंचविसाव्या हिश्श्यावर आला, की 30 अंशांचं पाणीसुद्धा उकळू लागतं. आगीशी झुंजणाऱ्या पंपात गार पाणी उकळतं! त्याचे बुडबुडे इंपेलरच्या कडेला, जास्त दाबात पोचून फुटतात, आणि आतून खडी फिरत असल्यासारखा खडखडाट ऐकू येतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1917 साली गणिताने दाखवून दिलं, की असा इवलासा बुडबुडा मिटताना प्रचंड दाब निर्माण होतो. तो धातूलाही खड्डे पाडतो. अशा वेळी नोझलवरून ‘दाब कमी पडतोय’ असा निरोप येतो आणि हात आपोआप थ्रॉटल वाढवायला जातो. प्रशिक्षित यंत्रचालक नेमकं उलट करतो: तो वेग कमी करतो. इतकं उलट वागणं ऐन घाईत सुचत नाही, ते सरावानेच अंगात भिनतं.

भारतात अग्निशमन अधिकारी घडवणारं राष्ट्रीय महाविद्यालय आपल्या नागपूरला आहे. पण हे सगळं फक्त अग्निशमन दलाचं काम आहे असं समजू नका. तुमच्या इमारतीला अग्निशमन यंत्रणा असेल तर तिच्या पंपघरातही असाच इंपेलर बसलेला आहे. ती यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं, असं महाराष्ट्राचा 2006 चा आग प्रतिबंधक कायदा सांगतो. पुढच्या वेळी त्या कागदावर सही होण्याआधी सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना म्हणा, पंप आमच्यासमोर चालवून दाखवा. गच्चीवरची नळी उघडायला लावा, काटा वाचा, आणि मुलांनाही सोबत न्या. प्रमाणपत्र आग विझवत नाही. चालवून पाहिलेला पंप विझवतो.