आता पोफळीपर्यंत फुकट!

कराडहून चिपळूणला निघालं की पाटण, कोयनानगर मागे पडतं आणि कुंभार्ली घाट लागतो. माझ्या मामांकडे प्रीमियर पद्मिनी होती, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली. घाटमाथा आला की मामा गाडी न्यूट्रल करायचे आणि समाधानानं म्हणायचे, "आता पोफळीपर्यंत फुकट!" माझं वय तेव्हा दहा-अकरा. फुकट प्रवासाची ही कल्पना मला फार आवडायची.

मामांची फिएट केव्हाच भंगारात गेली, पण ते 'फुकट' काही गेलं नाही. आजही उतार दिसला की कितीतरी जणांचा हात आपोआप गिअरवर जातो.

मामांचा हिशेब तसा चूक नव्हता. त्या गाडीला कार्बुरेटर होता. गाडी गिअरमध्ये उतरत असली की चाकं इंजिनाला फिरवतात, इंजिन हवा ओढतं आणि त्या हवेबरोबर कार्बुरेटरमधून थोडंथोडं पेट्रोलही ओढलं जातं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी ते पुरतं थांबत नसे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचे फेरे कमी, म्हणून पेट्रोलही कमी.

पण २००० सालच्या सुमारास धुराचे नियम कडक झाले आणि आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांमध्ये कार्बुरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. आता इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं हे एक छोटासा संगणक ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, ॲक्सिलरेटरवर पाय नाही आणि तरी इंजिन वेगानं फिरतंय, म्हणजे त्याला चाकंच फिरवताहेत, हे तो ओळखतो आणि पेट्रोल बंद करतो. कमी नाही, बंद! फेरे अगदी उतरले की पुन्हा सुरू करतो. हे इतकं अलगद होतं की चालवणाऱ्याला कळतही नाही. न्यूट्रल केलंत की मात्र इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो. ते बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. क्लच दाबून उतरलात तरी तेच. म्हणजे ज्या गिअरमध्ये पेट्रोल जातं असं आपण समजतो, तिथे ते जात नाही आणि जिथे वाचतं असं समजतो, तिथे जातं. डिझेल गाडीचंही असंच आहे.

गेल्या दिवाळीत भाच्याच्या गाडीतून त्याच घाटातून उतरलो. त्याच्या गाडीत त्या क्षणाचं ॲव्हरेज दाखवणारी पट्टी आहे. त्याला म्हटलं, "दुसऱ्या गिअरमध्ये घे आणि पाय काढ." पट्टी सरळ शेवटच्या टोकाला गेली. पण भाचा अस्वस्थ. "मामा, इंजिन केवढं ओरडतंय! पेट्रोल पीत असेल ना?" इंजिनाचा आवाज वाढला म्हणजे पेट्रोल जास्त जातं, ही आपली पक्की समजूत. चढावर ती खरी आहे. उतारावर मात्र तो आवाज इंजिन गाडीला मागे ओढून धरत असल्याचा असतो.

आता पैशांचं बघू. लहान पेट्रोल गाडी उभ्या जागी चालू ठेवली तर तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल खाते. वीस मिनिटांचा उतार न्यूट्रलमध्ये उतरलात तर झालं पाव लिटर, म्हणजे पंचवीस-तीस रुपये. त्यासाठी आपण गाडीचा सगळा भार ब्रेकवर टाकतो.

हा भार केवढा? हजार किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा तिची जी शक्ती मोकळी होते तिच्यावर बादलीभर, पंधरा लिटर पाण्याला उकळी येईल. त्यातली थोडी हवा आणि टायर खातात. गिअर असला तर बराच वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये उरलेली सगळी उष्णता चाकांमधल्या ब्रेकमध्ये जाते. ते तापले की पकड सैल होते, ब्रेक ऑइलला उकळी फुटते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचं पॅडल मऊ लागतं.

मामांच्या बाबतीत हेच झालं. त्या वर्षी गाडीत आम्ही सहाजण, वर टपावर सामान. अर्ध्या घाटात जळका वास आला आणि मामांचा पाय पार खाली गेला. हँडब्रेक ओढून, डोंगराच्या कडेला घासत त्यांनी गाडी थांबवली. मामी रडत होत्या. मागून आलेला ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, चाकाजवळ हात नेऊन लगेच मागे घेतला आणि म्हणाला, "साहेब, ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं." चाकांवर पाणी ओतायला निघालेल्या मामांना त्यानंच अडवलं, तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर ते तडकतं. तासभर आम्ही तिथे बसून होतो.

काही जण तर चावीच बंद करतात. हल्लीच्या गाडीत हा शुद्ध आत्मघात आहे. स्टिअरिंग जड होतं, ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार वेळा दाबल्यावर संपते आणि चावी बाहेर काढलीत तर स्टिअरिंगला कुलूपच लागतं.

एक मात्र मान्य केलं पाहिजे. अगदी हलका, लांबलचक उतार असेल, तर गिअरमध्ये पाय काढल्यावर गाडी रेंगाळते आणि पुन्हा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो. तिथे न्यूट्रलनं चार थेंब वाचतीलही. पण तिथेही वरच्या गिअरमध्ये हलका पाय ठेवून जावं, असं माझं मत आहे. ऐनवेळी गिअर शोधावा लागू नये.

खरी बचत घाटात नाहीच, रोजच्या रस्त्यावर आहे. लांबवर लाल दिवा दिसला की तिथेच पाय काढा आणि गाडी गिअरमध्येच येऊ द्या, तेवढा वेळ पेट्रोल बंद. सिग्नलला अर्धा मिनिट थांबायचं असेल तर इंजिन बंद करा. वरचा गिअर लवकर टाका. पेट्रोल गाडीत दोन-अडीच हजार फेऱ्यांना पुरे. मात्र गाडी धक्के देऊ लागली तर खालचा गिअर घ्या. हायवेवर ८० ऐवजी १०० नं गेलात तर हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो.

फरक पडतो का, हे स्वतःच मोजा. टाकी फुल्ल करा, किलोमीटर लिहा, पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करा आणि मधल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरनी भागा. एका टाकीवर विसंबू नका, तीन-चार टाक्यांचं बघा. घाटातल्या प्रवासाची टाकी वेगळी लिहा.