वरच्या दाढेची भूल आणि दुसरं इंजेक्शन

भुलीचं औषध जितकं जास्त, तितका दात जास्त बधिर, हा समज दवाखान्यातल्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना आढळतो. ओठ जड झाला, गाल सुजल्यासारखा वाटू लागला आणि तरीही ड्रिल दातात उतरताच कळ मस्तकात गेली, की खुर्चीतला माणूस म्हणतो, "डॉक्टर, अजून थोडं द्या ना." डॉक्टरही पुष्कळदा त्याच जागी आणखी औषध सोडतात. वरच्या दातांपुरता हा समज अर्धाच खरा आहे. एका मर्यादेपर्यंत औषधाच्या प्रमाणावर दात बधिर होणार की नाही हे ठरतं. त्या मर्यादेपलीकडे वाढवलेलं औषध मुख्यतः बधिरपणा किती टिकेल एवढंच ठरवतं. पुरेसं औषध देऊनही दात जागा राहिला असेल, तर त्याचं कारण बहुधा सिरिंजमधल्या प्रमाणाबाहेर शोधावं लागतं.

हे समजण्यासाठी आधी वरच्या जबड्याचं हाड पाहायला हवं. खालच्या जबड्याचं बाहेरचं हाड जाड आणि घट्ट असतं. त्यामुळे तिथल्या दाढांसाठी मुख्य नस हाडात शिरण्याआधीच तिच्यापाशी औषध नेऊन सोडावं लागतं. वरच्या जबड्याचं हाड पातळ आणि सच्छिद्र असतं. मुरमाड जमिनीत पाणी झिरपावं तसं ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत सोडलेलं औषध त्या हाडातून झिरपत मुळाच्या टोकाशी पोहोचतं. तिथे दातात शिरणाऱ्या बारीक मज्जातंतूंच्या आत जाऊन ते सोडियमची दारं बंद करतं, म्हणून वेदनेचा संदेश पुढे सरकत नाही. पण या वाटेवर बरंचसं औषध रक्तात वाहून जातं आणि थोडं मऊ भागातच मुरतं. शिवाय या औषधाचे, म्हणजे लिग्नोकेनचे, रेणू दोन रूपांत असतात. शरीराच्या नेहमीच्या आम्लतेला त्यातले साधारण पाव हिस्साच तंतूचं आवरण ओलांडू शकतील अशा रूपात असतात. म्हणजे मुळाशी पुरेसं औषध पोहोचायचं, तर सुरुवातीलाच एक किमान साठा हवा. प्रमाणाचं महत्त्व आहे ते इथे, आणि ते खरोखर मोठं आहे.

ब्राझीलमधल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५ स्वयंसेवकांच्या वरच्या जबड्यात अ‍ॅड्रेनालिन मिसळलेलं २ टक्के लिग्नोकेन ०.६, ०.९ आणि १.२ मि.ली. अशा तीन प्रमाणांत देऊन पाहिलं होतं. १.२ मि.ली.ला दात लवकर बधिर झाले, जास्त जणांचे झाले आणि जास्त वेळ राहिले. म्हणजे अर्धा मि.ली. देऊन भागवणं हा काटकसरीचा प्रयोग रुग्णाच्या जिवावर होतो. पण त्याच वर्षी अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला: नेहमीच्या एका कार्ट्रिजमधलं, म्हणजे औषधाच्या तयार नळीतलं, १.८ मि.ली. आणि त्याच्या दुप्पट ३.६ मि.ली. यांत फरक किती? दात बधिर होण्याच्या यशात लक्षणीय फरक पडला नाही. बधिरपणा टिकण्याचा काळ मात्र वाढला, आणि दुप्पट औषधानंतरही सगळ्यांचे दात पूर्ण तासभर बधिर राहिले नाहीत. अशा अभ्यासांत दातावर हलका विद्युतप्रवाह वाढवत नेतात. यंत्राचा सर्वोच्च आकडा ८० गाठूनही काहीच जाणवलं नाही, तरच दात बधिर झाला असं धरतात. ओठ जड झाला का, हा प्रश्न या मोजणीत निर्णायक नसतो, कारण ओठ आणि हिरडी दाताच्या आधी बधिर होतात आणि नंतरही तशाच राहतात. घरी जाताना ओठ सुन्न असतो, पण आतला दात कधीच जागा झालेला असतो.

मात्रा म्हणजे फक्त लिग्नोकेनचे मिलिग्रॅम, असं धरलं तर अ‍ॅड्रेनालिनचं काम नजरेतून सुटतं. नुसतं २ टक्के लिग्नोकेन वरच्या दाताला जेमतेम पाच-दहा मिनिटं बधिर ठेवतं. तितक्याच लिग्नोकेनमध्ये अत्यल्प अ‍ॅड्रेनालिन घातलं, की भोवतालच्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर थांबतं आणि हा काळ पाऊण-एक तासापर्यंत जाऊ शकतो. आपल्याकडच्या अनेक दवाखान्यांत ३० मि.ली.ची बाटली आणि साधी डिस्पोजेबल सिरिंज वापरतात. बाटलीवर अ‍ॅड्रेनालिनचं प्रमाण कुठे १:८०,००० असतं, कुठे १:२,००,०००. सिरिंजमध्ये ओढलेलं औषध दोन्हीकडे सारखंच दिसतं, पण त्यातल्या अ‍ॅड्रेनालिनमध्ये अडीच पटींचा फरक असतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो. हे प्रयोग निरोगी दातांवर झाले आणि दवाखान्यात येतो तो रात्रभर ठणकणारा दात. आक्षेप बरोबर आहे. सुजलेल्या नसेच्या दाढेत भूल अपयशी ठरण्याचं प्रमाण निश्चितच जास्त असतं. त्याचं स्पष्टीकरण म्हणून बहुधा सांगतात, की सुजेमुळे ऊती आम्लधर्मी होतात आणि औषधाचा आत शिरू शकणारा हिस्सा आणखी घटतो. हे खरं आहे, पण पुरेसं नाही. दीर्घ दाहात मज्जातंतूच बदलतात. थोड्याशा चिथावणीनेही ते संदेश सोडू लागतात आणि लिग्नोकेनला सहजी न जुमानणाऱ्या सोडियमच्या दारांचा वाटा त्यांच्यात वाढतो. त्यात भीतीची भर पडली, की स्पर्शसुद्धा वेदना वाटू लागतो. अशा दाताला थोडं जास्त औषध देण्यात काही गैर नाही. पण त्याच जागी पुन्हा पुन्हा टोचून अपेक्षेइतका लाभ होत नाही, आणि वरच्या पहिल्या दाढेत तर त्याचं कारण शरीररचनेतच आहे. या दाढेच्या मुळांवर गालफडाच्या हाडाचा जाड खांब उतरतो, त्यामुळे बाहेरून सोडलेलं औषध तिथे अडखळतं. तिच्या पुढच्या बाहेरच्या मुळाकडे बहुधा मधली दंतनस जाते, पण ही नस सगळ्यांना नसतेच. ती नसेल तिथे शेजारच्या नसांच्या शाखा ते काम करतात. तिसरं मूळ टाळूच्या बाजूला झुकलेलं असतं, गालाकडून सर्वांत लांब. तिथे टाळूच्या बाजूने दिलेलं थोडंसं औषध, मागच्या दंतनसेपाशीच दिलेली भूल (ब्लॉक) किंवा दात आणि हाड यांच्यामधल्या फटीत दाबून सोडलेले काही थेंब जे साधतात, ते गालाकडून सोडलेलं आणखी एक कार्ट्रिज साधेलच असं नाही. टाळूची त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असते, म्हणून तिथे पाव ते अर्धा मि.ली. पुरे. जोर लावून जास्त सोडलं तर ती पांढरी पडते, भयंकर दुखते आणि क्वचित तिथे जखमही होते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. धडधाकट प्रौढाला दोन कार्ट्रिज दिल्याने काय बिघडतं? सहसा काही नाही. अ‍ॅड्रेनालिनसह लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे ७ मि.ग्रॅ. धरली, तर ६० किलोच्या माणसासाठी ती ४२० मि.ग्रॅ. होते. १.८ मि.ली.च्या एका कार्ट्रिजमध्ये ३६ मि.ग्रॅ. असतात. पण पंधरा किलोच्या मुलासाठी तीच मर्यादा १०५ मि.ग्रॅ. आहे, आणि किलोमागे ४.४ मि.ग्रॅ. ही अधिक सावध मर्यादा पाळली तर ६६, म्हणजे पुरती दोन कार्ट्रिजही नाहीत. टोचण्याआधी हिरडीवर मारलेल्या लिग्नोकेनच्या स्प्रेचा हिशेबही यातच धरायला हवा. गंभीर हृदयरोग असलेल्यांचं गणित वेगळं. त्यांच्यासाठी एका वेळी अ‍ॅड्रेनालिन ०.०४ मि.ग्रॅ.च्या आत ठेवण्याचा सल्ला आहे. १:८०,०००च्या दोन कार्ट्रिजमध्ये ते ०.०४५ होतं. एका दुर्लक्षित दाताच्या हट्टापायी ओलांडावी अशी ही रेषा नाही. ओठांभोवती मुंग्या येणं, तोंडात धातूची चव येणं आणि कानात गुणगुण होणं ही औषध रक्तात जास्त झाल्याची पहिली लक्षणं असतात, आणि ती रुग्णाने ताबडतोब सांगायला हवीत.

कोकणात आणि घाटावर आणखी एक गोष्ट ऐकू येते: विंचू चावलेल्या माणसाला भूल चढत नाही. तिला अंधश्रद्धा म्हणून उडवून लावू नये. विंचवाचं विष सोडियमच्या त्याच दारांवर काम करतं, आणि विंचूदंशाचा इतिहास असलेल्या रुग्णांत पाठीच्या कण्यात दिलेली भूल अपुरी पडल्याचे अनुभव भारतातल्या भूलतज्ज्ञांनी प्रसिद्ध केले आहेत. मात्र हा पुरावा अजून थोडा आहे आणि तो दातांविषयीचा नाही. रुग्णाने ही माहिती जरूर द्यावी, आणि डॉक्टरांनी ती ऐकून आधी जागा आणि वेळ तपासावी.

वेळेचा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. वरचा दात बधिर व्हायला साधारण तीन ते पाच मिनिटं लागतात, दाढेला कधी अधिक. गर्दीच्या संध्याकाळी एवढी मिनिटं थांबणं डॉक्टरांना जड जातं, पण पुष्कळ "अपयशी" इंजेक्शनं मुळात घाईची असतात. ड्रिल लावण्याआधी थंड स्प्रे मारलेला बोळा दाताला टेकवून पाहणं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दुसऱ्या टोकाला रूट कॅनालसारखं लांबणारं काम असतं. पटाशीच्या बाजूच्या वरच्या दातात एका कार्ट्रिजचा बधिरपणा अर्ध्या तासानंतर ओसरू लागतो, आणि सुरुवातीला न दुखलेलं काम मध्येच दुखू लागतं. ओहायोच्याच गटाने २००९ साली या दातात पहिल्या इंजेक्शननंतर ३० मिनिटांनी पुन्हा १.८ मि.ली. देऊन पाहिलं, तेव्हा बधिरपणाचा काळ लक्षणीय वाढला. एकूण औषध ३.६ मि.ली.च होतं. त्यातला दुसरा हिस्सा पहिल्याचा परिणाम ओसरू लागण्याच्या सुमारास दिला गेला. तासाभराच्या कामासाठी बसलेल्या रुग्णाने "अजून द्या" म्हणण्याऐवजी "अर्ध्या तासाने पुन्हा द्याल का?" असं सुरुवातीलाच विचारायला हरकत नाही.