पाटे वाढवण्याआधी गाडी काट्यावर न्या



आजचा विषय जरा वेगळा आहे. एरवी आपण शेळ्या, लोणची, कर्जाचे हप्ते यांवर बोलतो. आज गाडीच्या पोटाखाली डोकावायचं आहे. कारण आता गटांना गाड्या हव्या झाल्यात. कुणाला जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात झोपायची सोय करायची आहे, म्हणजे पंढरपूर, कोकण, गोवा अशा सहली नेता येतील. २०२१ साली राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून मुक्कामाच्या गाडीची चर्चा वाढली आहे. अशी गाडी घेतली की पहिली तक्रार ठरलेली असते: "मागं बसवत नाही. कंबर मोडते. वळणावर गाडी झुलते."

आणि सल्लाही ठरलेला असतो: "दोन पाटे वाढवा, गाडी टाईट होईल."

आजचं आमचं म्हणणं एवढंच आहे, की हा सल्ला बहुतेक वेळा चुकीच्या जागी सुरू होतो. टाईट झालेली गाडी आरामाची होतेच असं नाही. कशी, ते समजून घेऊ, म्हणजे गॅरेजमध्ये गटाचा पैसा टाकण्याआधी आपल्याला नेमकं विचारता येईल.

धक्का जातो कुठं?

आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या खडखड्याच्या गोष्टी अजून सांगतात. त्या घोडागाडीचं नावच तिच्यात बसल्यावर काय होत असेल ते सांगतं. लाकडी चाकाची, लोखंडी धाव असलेली बैलगाडी ज्यांनी अनुभवली, त्यांनाही वेगळं सांगायला नको. दगडावर चाक चढलं की दगडाचा धक्का थेट मणक्यात. मग रबरी टायरची गाडी आली. तिला आपल्याकडं डनलॉप गाडीच म्हणायचे. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, त्यांचंच हे नाव. टायर आला आणि बैलांचे खांदे व माणसांची कंबर दोन्हींना आराम पडला. म्हणजे धक्का खाणारी पहिली वस्तू आहे टायरमधली हवा.

दुसरी वस्तू म्हणजे पाटे. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, मधे यू-बोल्टनं आसाला आवळलेल्या. खड्डा आला की त्या वाकतात, धक्का पोटात घेतात आणि परत सरळ होतात. खांद्यावरची कावड चालताना लवते, तसंच.

पण नुसते पाटे असते तर गाडी झोपाळ्यासारखी हलतच राहिली असती. तिला थांबवायचं काम शॉकअपचं. त्याच्या नळीत तेल असतं आणि ते बारीक भोकांतून ये-जा करतं. गुऱ्हाळावरच्या काकवीत पळी फिरवून बघा, हळू फिरवली तर फिरते, जोरात फिरवली तर काकवी अडवते. शॉकअप तसाच गाडीची उसळी अडवतो आणि तिची ताकद उष्णतेत घालवतो. म्हणून खराब रस्त्यावरून आलं की शॉकअप गरम लागतो.

तेव्हा पाटे वजन झेलतात आणि शॉकअप उसळी थांबवतो. गाडी एका खड्ड्यानंतर तीन-चार वेळा डुचमळत असेल, तर दोष बहुधा शॉकअपचा आहे. तिथं पाटे वाढवून उपयोग नाही.

जास्त पाटे, जास्त कडक

सारख्या जाडीच्या सात पाट्यांना आठवा जोडला, तर कडकपणा ढोबळमानानं सातव्या हिश्शानं वाढतो. जाडी वाढवली तर हिशेब आणखी चढतो. पट्टी दुप्पट जाड केली की ती दुप्पट नव्हे, आठपट कडक होते. असा कडक पाटा छोट्या खड्ड्याला वाकतच नाही. मग तो धक्का जातो गाडीच्या सांगाड्याला, आत बसवलेल्या कपाटांच्या स्क्रूंना आणि आपल्या पाठीला.

माणसाच्या शरीराला सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा बसणारे उभे हादरे सर्वांत जास्त जाचतात. आरामाची गाडी सेकंदाला एक-दीड वेळा वरखाली होते, आपण चालताना शरीर हलतं त्याच्या जवळपास. पाटे जितके कडक, तितकी गाडी त्रासाच्या हादऱ्यांकडं सरकते.

इथं आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रवासी गाडीचे पाटे सगळ्या सीट भरल्या आहेत असं धरून केलेले असतात. म्हणून रिकामी गाडी जास्त आदळते. तुम्ही सीट काढून दोनच गाद्या टाकल्या असतील, तर गाडी आधीच गरजेपेक्षा कडक आहे. तिला आणखी पाटे घालणं म्हणजे ताप आलेल्याला गोधडी घालणं.

म्हणून आधी काटा

ऊस काट्यावर गेल्याशिवाय त्याचं बिल होत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गाडीचंही तसंच. पाण्याची टाकी भरा, सामान ठेवा, जितक्या जणी जाणार तितक्या बसवा आणि गाडी वजनकाट्यावर न्या. आधी अख्खी गाडी तोला. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून तोला. वजाबाकी केली की मागच्या चाकांवरचं वजन कळतं. समजा, अख्खी गाडी ३,६०० किलो आणि पुढची चाकं १,४०० किलो भरली, तर मागं २,२०० किलो आहेत. हे आकडे कंपनीनं गाडीवरच्या पट्टीत आणि कागदात दिलेल्या मर्यादेशी ताडून बघा.

मुक्कामाच्या गाडीत वजन कसं चढतं ते बघा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा २०० लिटरची टाकी म्हणजे २०० किलो. घरगुती गॅसचा भरलेला सिलेंडर ३० किलोच्या आसपास. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी त्याहून जड. वर प्लायवूडची कपाटं, गाद्या, भांडी, तांदळाचं पोतं. बघता बघता सात-आठ माणसांचं वजन होतं.

वजन किती हे जसं महत्त्वाचं, तसं ते कुठं ठेवलंय हेही. बैलगाडी मागं जास्त भरली की उलाळ होते, जू वर उचलतं. मोटारीचंही तेच. १०० किलोची वस्तू मागच्या चाकांच्याही मागं ठेवली, तर मागच्या चाकांवर १०० पेक्षा जास्त बोजा येतो आणि जास्तीचा तेवढा बोजा पुढच्या चाकांवरून उचलला जातो. मग स्टिअरिंग हलकं लागतं, वळताना पुढची चाकं नीट पकड घेत नाहीत. पाण्याची टाकी आणि बॅटरी खाली, दोन्ही आसांच्या मधे ठेवा. टपावर जड काही नको. टपावरचा बोजा वळणावर गाडीला बाहेर ओढतो.

झोपायची जागाही शक्यतो मधे करा. मागच्या चाकांच्या मागची सीट सी-सॉच्या टोकासारखी उडते. आणि आपल्याकडं त्या शेवटच्या सीटवर कोण बसतं? पुरुष मंडळी पुढं बसतात, मागं जाते म्हातारी सासू, लेकुरवाळी, नाहीतर पोटुशी सून. ही जागा बदलायला गॅरेजचा एक पैसा लागत नाही.

मग तपासणी, या क्रमानं

पहिलं, टायर. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड टायरमध्ये तपासा. दाराजवळच्या पट्टीवर आकडा असतो. "जास्त हवा, जास्त अॅव्हरेज" म्हणून ठासून भरलेला टायर दगडासारखा होतो. कमी हवेचा टायर तापतो आणि फुटू शकतो.

दुसरं, बुश आणि शॅकल. पाट्यांच्या टोकाला रबरी बुश असतात. ते वाळले, फाटले की गाडी कुरकुरते आणि मागचा भाग थोडा इकडंतिकडं सरकतो. चालक म्हणतो, "गाडी ओढते." खर्च त्या मानानं लहान, फरक मोठा.

तिसरं, शॉकअप. बाहेरून तेल ओघळलेलं दिसलं तर तो संपला. टायरवर हात फिरवून बघा. कुठं उंच, कुठं खोलगट अशी झीज असेल, तरी शंका घ्या. बदलताना एकाच आसाचे डावा-उजवा दोन्ही बदलायचे. एक नवा, एक जुना ठेवला तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला जाते.

चौथं, पाटे. तुटलेला, तडा गेलेला किंवा बसलेला पाटा आहे का ते बघा. गाडी सपाट जागेवर उभी करून चारही चाकांवरच्या कमानीची उंची टेपनं मोजा. डावी-उजवीत फरक दिसला तर पाटे बसलेत, नाहीतर सामान एका बाजूला आहे.

आणि तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग कधीच करू देऊ नका. पाट्याच्या पोलादाला पाणी पाजलेलं असतं. म्हणून तर लोहार जुन्या पाट्याचा कोयता करतात आणि घडवल्यावर त्याला पुन्हा पाणी पाजतात. वेल्डिंगच्या आचेनं ते पाणी उतरतं आणि पाटा जोडाच्या शेजारी पुन्हा तुटतो. तो घाटातही तुटू शकतो. पाट्याचं काम झालं, की काहीशे किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि बोल्ट सैल पडतात.

एवढं करूनही कमी पडलं तर

इतकं केल्यावर बऱ्याच गाड्यांची तक्रार निम्म्यावर येते. तरीही भरलेली गाडी मागं बसत असेल आणि काट्यावर वजन मर्यादेत असेल, तर पाट्यांचा विचार रास्त आहे. पण तो मोजलेल्या वजनाप्रमाणं. शिवाजी उद्यमनगरात जा किंवा आणखी कुठं, काट्याची पावती सोबत न्या.

दुसरा पर्याय हवेच्या रबरी पिशव्यांचा. त्या आस आणि सांगाडा यांच्या मधे बसतात. बोजा असेल तेव्हा हवा भरायची, नसेल तेव्हा कमी करायची. फायदा असा, की रिकामी गाडी कडक राहत नाही. पण पिशवी फाटली, नळी गळली तर गाडी बसते, म्हणून ती नियमित बघावी लागते.

वळणावर झुलण्यासाठी वेगळा दांडा मिळतो, अँटी-रोल बार. तो डावं आणि उजवं चाक एकमेकांशी जोडतो. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो गप्प असतो. एकच बाजू दबली तर पिळला जातो आणि गाडीला सावरतो. फोंडा घाट, आंबा घाट, गगनबावड्याचा करूळ घाट अशी वाट ज्यांची रोजची, त्यांच्या उंच गाडीला याचा उपयोग होतो. आराम फारसा न घालवता झुलणं कमी करणारी ही गोष्ट आहे.

पण एक पक्कं लक्षात ठेवा. पाटे वाढवा, पिशव्या बसवा, गाडीची कायदेशीर क्षमता त्यानं एक किलोही वाढत नाही. ब्रेक तेच, आस तोच, टायर तेच. मागचा भाग वर उचललेला दिसला म्हणून बोजा कमी झालेला नसतो. घाट उतरताना तो बोजा ब्रेकला थांबवायचा असतो.

कागदाचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं. घासलेला शॉकअप काढून कंपनीच्या मापाचा नवा बसवणं ही दुरुस्ती झाली. सीट काढून पलंग, टाकी, शेगडी बसवणं हा बदल झाला. त्यासाठी आधी आरटीओत विचारा, लेखी घ्या, विमा कंपनीलाही कळवा. नाहीतर अपघात झाल्यावर विम्याचा प्रश्न उभा राहील, आणि कर्जाचे हप्ते मात्र गटाच्याच नावावर राहतील.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत गाडीचा विषय निघाला तर इतिवृत्तात चार ओळी लिहा. भरलेल्या गाडीचं पुढचं आणि मागचं वजन. टायरची हवा. बुश, शॉकअप आणि पाट्यांची स्थिती. मिस्त्रीनं सुचवलेलं काम आणि त्याचं कारण. कारण सांगता आलं नाही, तर त्या कामाचा ठराव पुढं ढकला. आणि गाडी दुरुस्त होऊन आली, की पहिल्या फेरीला गटाच्या अध्यक्षांना मागच्या सीटवर बसवा. काम झालंय की नाही, ते दोन गतिरोधकांत कळेल.